धुरपताबाईंची परतीची तारीख

धुरपताबाईंना शिक्का नेमका कुठं मारायचा, या एका प्रश्नावर लोकहित वाचनालयाचं सगळं काम रविवारी सकाळपासून अडून बसलं होतं. ग्रंथपाल चंद्रभान हातात रबरी शिक्का घेऊन उभे होते. समोर धुरपताबाई नवं लुगडं नेसून, खुर्चीच्या कडेवर अर्ध्याच टेकून बसल्या होत्या.

"प्रत्येक पुस्तकाले पहिल्या पानावर अन् सतराव्या पानावर शिक्का लागते," चंद्रभान म्हणाले. "सत्तावीस वर्षांत माह्या हातून एक पुस्तक बिनशिक्क्याचं गेलं नाई."

"मारा न मंग हातावर," धुरपताबाई म्हणाल्या. "मतदानाले नाई का शाई लावत."

"काका, त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर मारा," रुचिका घाईघाईनं म्हणाली.

चंद्रभाननी कार्डावर एक शिक्का मारला. मग थोडा विचार करून कार्ड उलटवलं आणि मागेही मारला. तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

हा सगळा घोळ रुचिकाचा. ही वाचनालयाच्या सेक्रेटरींची मुलगी, वर्ध्याला समाजकार्य शिकणारी. वरून पत्र आलं होतं, की प्रत्येक वाचनालयानं 'सामाजिक न्याय आणि समावेशन' या विषयावर वाचन सप्ताह साजरा करावा. असे सप्ताह हिंगणघाटात पूर्वीही झाले होते. एक हार, दोन भाषणं, तीन फोटो आणि समोसा एवढ्यात ते आटोपत. पण यंदा रुचिकानं 'जिवंत पुस्तकं' काढली. म्हणजे ज्या माणसाला गावानं आजवर दूर ठेवलं, त्यानं पुस्तक होऊन वाचनालयात बसायचं. वाचकानं त्याच्या समोर अर्धा तास बसायचं, ऐकायचं, विचारायचं. कल्पना चांगलीच होती. चूक एवढीच झाली, की समजावून सांगताना ती म्हणाली, "काका, सगळं अगदी खऱ्या पुस्तकासारखं करायचं." आणि हे ती चंद्रभानना म्हणाली.

चंद्रभान नियमाला देवापेक्षा जास्त मानत. देवाला निदान नवस बोलून वळवता तरी येतं, असं ते म्हणत. त्यांनी तिन्ही जिवंत पुस्तकं दाखल रजिस्टरात रीतसर चढवली. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या गोपालच्या नावापुढे शेऱ्यात लिहिलं, 'सोबत चाकाची खुर्ची आहे, परत घेताना तपासावी.' ऑटो चालवणाऱ्या भागीरथापुढे लिहिलं, 'सुस्थितीत, परंतु आवाज मोठा.' धुरपताबाईंच्या वेळी लेखकाच्या रकान्यात त्यांच्या आईवडिलांचं नाव गेलं, प्रकाशनस्थळ गिरड, प्रकाशनवर्ष 'अंदाजे'. शेरा: 'बांधणी जुनी, पानं शाबूत.' पुस्तकाचं नाव रुचिकानं दिलं होतं, 'कापड ओळीतली तीस वर्षं'. तीस वर्षं धुरपताबाईंनी ही कापड दुकानांची ओळ झाडली होती. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली आणि झाडू सुटला.

रुचिका बाहेर माइकवाल्याशी भांडायला गेली, आणि नेमक्या त्याच वेळी अनुसयाबाई आल्या.

अनुसयाबाई म्हणजे ओळीतल्या मोठ्या कापड दुकानाच्या मालकीणबाई. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. वाचनालयाच्या दोन खोल्या त्यांच्याच. त्यांच्या यजमानांनी त्या वाचनालयाला वापरायला दिल्या होत्या, त्याही नुसत्या शब्दावर. दुकान सांभाळणारा मुलगा धर्मेंद्र गेली कित्येक वर्षं तिथं गोडाऊन करायचं म्हणत होता. पण, "मी हाय तोवर पुस्तकं हायेत," असं अनुसयाबाई एकदा म्हणाल्या होत्या, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर वाचनालय उभं होतं. चंद्रभानची नोकरीही त्याच वाक्यावर उभी होती. त्यामुळे बाई दारात दिसल्या की ते आपोआप उठून उभे राहत.

"हे आपल्याच ओळीचं दिसते," भिंतीवरची यादी वाचून अनुसयाबाई म्हणाल्या. "हे दे."

"काकू, हे इथंच वाचा लागते."

"मी इथं बसून कधी वाचलं? माह्या गुडघ्याले तुह्या खुर्च्या चालत नाई. मी पुस्तक घरी नेतो, टेकून वाचतो, सातव्या दिवशी आणून देतो. काऊन, नियमात मनाई हाय का?"

चंद्रभाननी ड्रॉवरमधून नियमावली काढली. शब्दकोश, संदर्भग्रंथ आणि चालू महिन्याची मासिकं घरी नेता येत नाहीत, असं त्यात होतं. धुरपताबाई यांपैकी काहीच नव्हत्या. नियमित वर्गणी भरणाऱ्या सभासदाला त्यांनी सत्तावीस वर्षांत कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी देवघेवीच्या कार्डावर नोंद केली, सही घेतली आणि परतीची तारीख टाकली, पुढला रविवार.

"मले जा लागते का?" धुरपताबाईंनी विचारलं.

"नियमानं जा लागते."

"अन् जेवणखाण?"

"थे वाचकाकडे. पुस्तक ओलं होऊ द्यायचं नाई, पानं दुमडायची नाई, दुसऱ्याले परस्पर द्यायचं नाई," चंद्रभाननी अनुसयाबाईंना बजावलं.

अनुसयाबाईंनी मान डोलावली आणि दोघी हळूहळू, एकीनं गुडघा धरून आणि एकीनं कंबर धरून, मागच्या घराकडे गेल्या.

माइक सुरू झाला. पन्नासेक लोक जमले होते. रुचिकानं प्रास्ताविक केलं, आणि पहिलं पुस्तक धुरपताबाई असं जाहीर करून आत पाहिलं तर खुर्ची रिकामी.

"काका, धुरपताबाई कुठं आहेत?"

"इश्यू झाल्या."

"म्हणजे?"

"अनुसयाकाकू घेऊन गेल्या. येत्या रविवारी परत."

"अहो, माणूस कोणी घरी देतं का?"

"तूच म्हणाली, अगदी खऱ्या पुस्तकासारखं."

मग एकदम काहीतरी आठवून तिचा चेहरा उतरला. तिनं चंद्रभानना पुस्तकांच्या कपाटामागे ओढलं. "काका, तुम्ही ते पुस्तक वाचलं आहे का?"

"दाखल करताना वाचत नसतात."

"मी सरावाला ऐकलंय. त्यात एक बाई आहे. ती धुरपताबाईंना रोज मागच्या दारी चहा द्यायची, वरून ओतून. वेगळा कप, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला, तो धुरपताबाईंनीच धुवायचा. एकदा तो फुटला. दुसऱ्या दिवशी नवा कप आला. पण घरातल्या कपांत मिसळू नये म्हणून त्या बाईनं नव्या कपाचा कान आधी मोडला आणि मग दिला."

"अरे बापा."

"त्या बाईचं नाव शेवटी सांगीन म्हणाल्या. मी विचारलं, कोणतं घर? तर म्हणाल्या, ज्या घराच्या भिंतीले पुस्तकं लागून हायेत, थेच."

चंद्रभाननी मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीला पुस्तकं लागून होती आणि भिंतीपलीकडे अनुसयाबाईंचं घर होतं. म्हणजे बाईंच्या हाती त्यांनी बाईंचीच कहाणी दिली होती, तीही सही घेऊन. शेवटल्या पानावर बाई पोचल्या की वाचनालय संपलं, इतकं साधं गणित होतं.

तेवढ्यात धुरपताबाईंचा मुलगा धीरज आला. हा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. आईचं कौतुक पाहायला अर्धी सुट्टी घेऊन आला होता.

"भाऊ, माय दिसून नाई राह्यली."

"बाहेर गेली. सात दिवसांसाठी."

"सात दिवस?" धीरज गोंधळला. "कुठं गेली? कोणासंग?"

"वाचकाचं नाव दुसऱ्याले सांगता येत नाई," चंद्रभान म्हणाले, आणि धीरजच्या दंडाकडे नजर गेल्यावर म्हणाले, "पण तू घरचा हायेस. चाल."

दोघं मागच्या अंगणात गेले. तिथं बंगईवर धुरपताबाई पाय वर घेऊन झोके घेत बसल्या होत्या. हातात चहा होता. समोर पलंगावर अनुसयाबाई उशीला टेकून, डोळे बारीक करून ऐकत होत्या.

"काकू, पुस्तक परत पायजे," चंद्रभान म्हणाले. "दुसऱ्या वाचकाची मागणी हाय."

"कोणाची?"

चंद्रभानना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी घाबरून धीरजकडे बोट दाखवलं.

"तो तिचा पोरगा हाय. त्याच्या घरी हे पुस्तक फुकट हाय, त्यानं इतकी वर्षं काऊन नाई वाचलं?" अनुसयाबाई म्हणाल्या. धीरजनं खाली पाहिलं. "अन् तारीख तूच टाकली. रविवारच्या आत मी देत नाई."

"माय, चाल घरी," धीरज म्हणाला.

"कायले? मी अजून माह्या लग्नापर्यंतच आलो," धुरपताबाई म्हणाल्या. "अंकिताले सांगजो, सात दिवस तुह्यी सासू सुट्टीवर हाय. थेई खूश होईन."

आता यात कोणाची बाजू घ्यावी, हे धीरजला कळेना. तो चहा पिऊन निघून गेला.

सोमवारपासून चंद्रभानचं लक्ष कामात लागेना. वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून अंगण दिसत असे. त्यांनी टेबल त्या खिडकीशी सरकवून घेतलं. सोमवारी धुरपताबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि अनुसयाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मंगळवारी अनुसयाबाईंनी केळझरला गणपतीला जायचं रद्द केलं. "गणपती कुठं जात नाई, पुस्तक रविवारी जाते," असं त्यांनी सुनेला सांगितल्याचं खिडकीतून ऐकू आलं. त्याच दुपारी शेजारच्या मंदाबाईंना बोलावणं गेलं. मंदाबाई आपल्यासोबत आणखी तिघींना घेऊन आल्या. पुस्तक परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, हा नियम सरळसरळ मोडला जात होता, पण चंद्रभानची तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

"कोण होती वं ती बया?" अनुसयाबाईंचा आवाज आला. "नव्या कपाचा कान मोडते म्हणजे काय. असं कोणी माणूस वागते का? तिच्या हाताले काही झालं कसं नाई."

"झालं न," धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या. "बोट कापलं होतं. चिंधी बांधूनच चहा ओतला तिनं."

"बरं झालं मेलीचं."

चंद्रभाननी खिडकी लावून घेतली. ऐकणाऱ्याला अजून पत्ता नव्हता, आणि सांगणारी तर बंगईवर बसून झोके घेत होती. दोघींपैकी कोणाला जास्त घाबरावं, हे त्यांना ठरवता येईना.

बुधवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच मंदाबाई पायरीवर उभ्या होत्या.

"चंद्रभान भाऊ, थे पुस्तक वापस घेजा लवकर."

"काऊन?"

"त्यात नावं हायेत म्हणे शेवटी." मंदाबाईंनी मागं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या घरी तसं काही नव्हतं बरं. कप होता. पण थो फेकून देला आम्ही मागंच."

"फेकला काऊन मंग?"

"उगाच," मंदाबाई म्हणाल्या आणि तडक निघून गेल्या.

दुपारपर्यंत ओळीतल्या आणखी तिघी येऊन गेल्या, एकमेकींना न सांगता. एकीच्या घरी कप नव्हता, स्टीलचा गिलास होता. दुसरीच्या घरी होतं ते सासूनं ठेवलेलं होतं, आणि सासू वारली होती. तिसरीनं काहीच सांगितलं नाही, नुसतं शेवटचं पान फाडता येतं का, एवढंच विचारलं. चंद्रभान चक्रावले. रुचिकानं तर एकच घर सांगितलं होतं. त्यांनी कागदावर घरांची नावं लिहून पाहिली, तर सगळी ओळच कागदावर उतरली. मग त्यांनी तो कागद बारीक फाडून टाकला.

बुधवारी संध्याकाळपासून अंगण शांत झालं. बंगईचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही.

आणि गुरुवारी धर्मेंद्र हातात टेप घेऊन वाचनालयात आला. नमस्कार नाही, काही नाही. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माप घेऊ लागला.

"धर्मेंद्रभाऊ, काय करून राह्यले?"

"खोल्या मोजून राह्यलो. आईनं सांगतलं."

"कायसाठी?"

"मले काय मालूम. काल रात्री जेवणाच्या वक्ती कोणी बोललं नाई. मंग म्हणे, दोन्ही खोल्या मोजून ये, तिकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत." धर्मेंद्रनं आकडे मोबाइलमध्ये टाकले. "पण एक सांगतो, जागा मोठी हाय. माल भरपूर राहीन."

बाई शेवटल्या पानावर पोचल्या होत्या, हे आता उघडच होतं. शुक्रवारी चंद्रभाननी सुतळीची बंडलं आणली. शनिवारी दिवसभर ते कपाटातली पुस्तकं काढून त्यांचे गठ्ठे बांधत होते. रुचिका रडवेली होऊन मदत करत होती. "काका, माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "नाई वं पोरी," चंद्रभान म्हणाले, "तारीख मी टाकली." सत्तावीस वर्षांत आपण प्रत्येक पुस्तकाला जपलं आणि एकाच पुस्तकानं सगळी घालवली, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. तरीही बांधताना ते गठ्ठे दाखल क्रमांकानुसारच बांधत होते.

रविवारी बरोबर अकरा वाजता अनुसयाबाई आल्या, धुरपताबाईंचा हात धरून. आईला न्यायला धीरज आलाच होता. मागून मंदाबाई आणि त्या तिघी, ओळीनं आल्या. त्यांना आणलं होतं की त्या आपणहून आल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हतं.

"घे तुह्यं पुस्तक," अनुसयाबाई म्हणाल्या. "तपासून घे."

चंद्रभाननी कार्ड काढलं आणि 'परत' असं लिहिलं. मग त्यांना राहवलं नाही. "काकू, शेवटलं पान वाचलं का?"

"नाई वाचलं."

"मंग खोल्या?"

"खोल्याचं मागून सांगतो. पहिले हे आयक." अनुसयाबाईंनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. त्यावर जुना पांढरा वण होता. "दोन दिवस मी त्या बाईले शिव्या घातल्या. मंदाले बोलावून आयकवलं, म्हटलं पाय कशी बाया असतात. अन् बुधवारी कैरी चिराले बसलो, तं हे बोट दिसलं. कधी कापलं होतं, कायनं कापलं होतं, मी साफ विसरून गेलतो. हे धुरपता नाई विसरली."

मंदाबाई साडीची किनार पाहत होत्या.

"तिनं नाव घेतलंच नाई," अनुसयाबाई म्हणाल्या. "माह्याच घरी बसून, माह्याच तोंडून मले शिव्या आयकत राह्यली, अन् चहा पेत राह्यली. मले लाज वाटली, चंद्रभान. या वयात अशी लाज वाटंन, असं वाटलं नव्हतं."

"म्या कायले नाव घेऊ," धुरपताबाई म्हणाल्या. "ज्यानं वाचाचं त्यानं वाचावं."

"अन् खोल्या मोजल्या गाद्यांसाठी," अनुसयाबाई म्हणाल्या. "दोन्ही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या टाकाच्या. सगळे एकाच बैठकीवर बसतीन. तू हे गठ्ठे कायले बांधले?"

चंद्रभाननी गठ्ठ्यांकडे पाहिलं. "धूळ झटकाले," ते म्हणाले. आठवड्याभरातलं त्यांचं हे दुसरं खोटं होतं.

"आता मले दाखल कर," अनुसयाबाई म्हणाल्या.

"तुमाले?"

रुचिका पुढं आली. "आजी, जिवंत पुस्तक म्हणजे ज्यांना लोकांनी दूर ठेवलं, त्यांचं असतं."

"अन् ज्याईनं ठेवलं त्याईचं पुस्तक नसते का तुह्या वाचनालयात? मंग पोराईले समजन कसं, आम्ही काऊन तसं करत होतो? मलेई समजलं नाई अजून. कोणी विचारलं तं सांगता सांगता समजन."

चंद्रभाननी नियमावली काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मनाई कुठंच नव्हती. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि अनुसयाबाईंना दाखल करून घेतलं. प्रकाशनस्थळ हिंगणघाट. पृष्ठसंख्या सोडून दिली. शेऱ्याच्या रकान्यापाशी त्यांचा पेन बराच वेळ थांबला, आणि शेवटी तो रकाना त्यांनी रिकामाच ठेवला.

"इश्यू कोणाले करू?"

"हिले," अनुसयाबाईंनी धुरपताबाईंकडे बोट दाखवलं. "सात दिवस. हिच्या घरी."

मागं उभ्या असलेल्या धीरजला ठसका लागला. दीड खोलीच्या घरात कापड ओळीतल्या मालकीणबाईंना निजवायचं कुठं, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"पण धुरपताबाई सभासद नाई," चंद्रभान म्हणाले. "अर्जावर एका जुन्या सभासदाची शिफारस लागते."

त्याबरोबर मंदाबाई पेन मागू लागल्या. मागच्या तिघींनीही हात पुढं केले. एका अर्जावर चार शिफारशी वाचनालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच झाल्या. धुरपताबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. चंद्रभाननी देवघेवीचं नवं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि परतीची तारीख टाकायला पेन उचलला.

"थांबा भाऊ," धुरपताबाई म्हणाल्या. त्या जरा मागं सरल्या आणि भाजीवालीकडचा माल पाहावा तसं त्यांनी अनुसयाबाईंना वरून खाली, खालून वर नीट पाहिलं. अनुसयाबाई, आयुष्यात पहिल्यांदाच, मान खाली घालून उभ्या होत्या.

"पुस्तक पसंत नाई पडलं," धुरपताबाईंनी विचारलं, "तं मधातच वापस करता येते का?"

चंद्रभाननी या वेळी नियमावली उघडली नाही.

"येते," ते म्हणाले. "कधीई."

"मंग द्या," धुरपताबाई म्हणाल्या.